स्वतःच्याच जगांशी वाद घालणारी लेखिका : अर्सुला ल ग्विन

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'डान्सिंग ॲट द एज ऑफ द वर्ल्ड' या संग्रहात अर्सुला ल ग्विन यांचा एक विलक्षण निबंध आहे. तो मुळात १९७६ सालचा, 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या आपल्याच कादंबरीची बाजू मांडण्यासाठी काहीशा ताठ स्वरात लिहिलेला. दहा-बारा वर्षांनी तो पुन्हा छापण्याची वेळ आली तेव्हा त्यातली बरीच विधाने त्यांना स्वतःलाच पटेनाशी झाली होती. अशा वेळी लेखक एकतर तो निबंध गाळून टाकतात, नाहीतर कुणाला कळू न देता दुरुस्त करून घेतात. ल ग्विन यांनी जुना मजकूर तसाच ठेवला आणि जिथे मत बदलले होते तिथे मध्येच थांबून, वेगळ्या टाइपात, स्वतःला उत्तर दिले. आपल्या विचारांच्या प्रवासाच्या खुणा पुसून टाकणे योग्य नाही आणि न बदलणारी मने न उघडणाऱ्या शिंपल्यांसारखी असतात, अशी त्यांची भूमिका होती.

विज्ञानकथा आणि फँटसी या दोन्ही प्रांतांत त्यांनी मिळवलेल्या पुरस्कारांची यादी मोठी आहे, त्यांच्या भाषेचे कौतुकही भरपूर झाले आहे. मला मात्र त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या लेखनात सर्वांत मोलाची वाटते ती ही सवय. स्वतः रचलेल्या आणि वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या जगात वीस-वीस वर्षांनी परत जायचे, तिथले कायदे नेमके कुणाच्या सोयीचे होते ते तपासायचे आणि त्या तपासणीतूनच नवी कथा उभी करायची, हे इतक्या सातत्याने करणारा दुसरा लेखक या प्रांतात माझ्या वाचनात आलेला नाही.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतील अग्रगण्य मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांच्या भाषा, कथा आणि चालीरीती नोंदवण्यात त्यांचे आयुष्य गेले. आई थिओडोरा क्रोबर यांनी साठी ओलांडल्यावर, १९६१ साली, 'याही' नावाच्या आदिवासी समाजातील शेवटचा माणूस मानल्या गेलेल्या इशीचे चरित्र लिहिले आणि ते पुस्तक खूप वाचले गेले. उन्हाळ्यात हे कुटुंब नापा खोऱ्यातील आपल्या घरी राहायला जाई आणि तिथे विद्वान, संशोधक, आदिवासी मित्र अशी नाना प्रकारची माणसे येत. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर हेही त्या कुटुंबाच्या परिचयातले. दुसऱ्याचा समाज समजून घ्यायचा तर तिथे जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी, ते काय खातात, कुणाला नातेवाईक मानतात आणि कशाची लाज बाळगतात हे पाहावे, ही मानववंशशास्त्राची रीत त्या घरात वातावरणासारखी पसरलेली होती. पुढे ल ग्विन यांच्या बहुतेक विज्ञानकथांचा नायक सैनिक किंवा संशोधक नसून परक्या समाजात राहून टिपणे काढणारा निरीक्षक किंवा दूत असतो, याचे मूळ इथे आहे. वडिलांच्या संग्रहातील 'ताओ ते चिंग' हा ताओ तत्त्वज्ञानाचा प्राचीन चिनी ग्रंथ त्यांच्या हाती लहानपणीच लागला. त्या ग्रंथाची त्यांनी स्वतः केलेली इंग्रजी आवृत्ती १९९७ मध्ये आली, म्हणजे त्याची सोबत जवळजवळ जन्मभराची.

रॅडक्लिफ महाविद्यालयातून १९५१ साली पदवी आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. घेतल्यावर प्रबोधनकाळातील फ्रेंच साहित्यावर संशोधन करण्यासाठी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या १९५३ मध्ये फ्रान्सला निघाल्या. 'क्वीन मेरी' जहाजावर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ल ग्विन भेटले आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये दोघांचे लग्न झाले. डॉक्टरेट मागे पडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे जोडपे ऑरेगन राज्यातील पोर्टलंडला स्थायिक झाले आणि तीन मुले वाढवत, मुले झोपल्यावर रात्री लिहीत, ल ग्विन यांनी आपले काम चालू ठेवले. कलावंताने संसार टाळावा या समजुतीला त्यांनी नंतर अनेकदा आणि बऱ्यापैकी तिखट शब्दांत उत्तर दिले आहे.

प्रसिद्धी मात्र सहजासहजी आली नाही. अकराव्या वर्षी त्यांनी 'अस्टाउंडिंग' मासिकाला पाठवलेली कथा साभार परत आली होती आणि त्यानंतरही नकारांचा काळ बराच लांबला. या काळात त्या मध्य युरोपातल्या ऑर्सिनिया नावाच्या एका काल्पनिक देशाच्या कथा-कादंबऱ्या लिहीत होत्या. त्यांत ना जादू होती ना अंतराळयान. प्रकाशकांना लेखन आवडे, पण हे वास्तववादी म्हणावे की कल्पित, हे ठरवता येत नसल्याने हस्तलिखिते परत येत. ऑर्सिनियातली पहिली कथा १९६१ मध्ये एका वाङ्मयीन नियतकालिकात छापून आली. पुढच्या वर्षी 'फँटॅस्टिक' मासिकाच्या संपादक सील गोल्डस्मिथ यांनी 'एप्रिल इन पॅरिस' ही कथा स्वीकारली आणि तिचे ३० डॉलर दिले. लेखनातून आलेली ही त्यांची पहिली कमाई. वाङ्मयीन वर्तुळाच्या दारात ताटकळत उभ्या राहिलेल्या लेखिकेला स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांनी आधी आत घेतले, हे त्या कधी विसरल्या नाहीत. विज्ञानकथेला कमी लेखणाऱ्या समीक्षकांशी त्या शेवटपर्यंत भांडल्या, त्यामागे ही कृतज्ञताही असावी.

१९६६ आणि १९६७ मध्ये आलेल्या पहिल्या तीन कादंबऱ्या, 'रोकॅनन्स वर्ल्ड', 'प्लॅनेट ऑफ एग्झाइल' आणि 'सिटी ऑफ इल्यूजन्स', आज मुख्यतः पुढच्या लेखनाची तयारी म्हणूनच वाचाव्या लागतात. तरी हेन नावाच्या ग्रहावरील प्राचीन मानवांनी अनेक ग्रहांवर वस्ती केली आणि युगानुयुगे परस्परांपासून तुटलेल्या त्या वसाहती आता पुन्हा एकमेकींना शोधत आहेत, ही मूळ कल्पना याच पुस्तकांत रुजली. तारकांमधल्या अंतराची पर्वा न करता क्षणात निरोप पोहोचवणारे 'अ‍ॅन्सिबल' हे यंत्रही इथलेच. ते पुढे इतर अनेक लेखकांनी बिनदिक्कत उचलले.

यानंतरची सात-आठ वर्षे थक्क करणारी आहेत. १९६८ मध्ये बर्कलीच्या पार्नासस प्रेसने 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' प्रसिद्ध केले. थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा, अशी प्रकाशकांची मागणी होती. गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे वृद्ध असतात. मग ते तरुणपणी कसे असतील आणि ही विद्या शिकले तरी कुठे असतील, या प्रश्नातून गेड नावाचा शेळ्या राखणारा मुलगा आणि रोक बेटावरची जादूची शाळा जन्माला आली. गेड ईर्षेपोटी नको ती विद्या वापरतो, त्यातून एक काळी सावली जगात येते आणि ती त्याचा पाठलाग करते. या कथेत दुष्ट राजा नाही, सैन्ये नाहीत, शेवटचे महायुद्ध नाही; शत्रूचे खरे नाव शोधता शोधता गेडला आपलेच नाव सापडते. आणखी एक गोष्ट ल ग्विन यांनी गाजावाजा न करता केली. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी, त्याचा जिवलग मित्र वेच काळा आणि अर्थसी या द्वीपसमूहातील बहुतेक माणसे सावळी. गोरे लोक आहेत ते पूर्वेकडचे, आक्रमक म्हणून ओळखले जाणारे. १९६८ सालच्या अमेरिकन फँटसीत हे धाडस होते, आणि ते मुखपृष्ठे रंगवणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे पचले नाही.

'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' १९६९ मध्ये आली आणि ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला मिळाले. गेथेन हा कायम हिवाळ्यात गुरफटलेला ग्रह. तिथली माणसे महिन्यातले बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. केमर नावाच्या थोड्या दिवसांपुरते त्यांना कोणतेही एक लिंग प्राप्त होते, आणि तेही दर वेळी तेच असेल असे नाही. त्यामुळे एकच व्यक्ती काही मुलांची आई आणि काहींचा बाप असू शकते. या जगात गेन्ली आय नावाचा एक पुरुष दूत म्हणून येतो आणि सत्तेवरून दूर झालेल्या एस्ट्राव्हेन या मुत्सद्द्याबरोबर हिमनदीवरून सुमारे ऐंशी दिवसांचा जीवघेणा प्रवास करतो. कल्पना कितीही चमकदार असली तरी कादंबरी तिच्यावर उभी नाही. एका तंबूत, एका स्टोव्हच्या उबेला, मोजून वाटून घेतलेल्या अन्नावर दोन परकी माणसे एकमेकांवर विश्वास ठेवायला कशी शिकतात, ही तिची खरी कथा आहे, आणि त्या हिमप्रवासाची प्रकरणे मला त्यांच्या साऱ्या लेखनात श्रेष्ठ वाटतात.

टीका झाली ती याच पुस्तकावर. गेथेनच्या लोकांसाठी ल ग्विन यांनी सर्वत्र इंग्रजीतील पुल्लिंगी सर्वनाम वापरले होते. शिवाय एस्ट्राव्हेन आपल्याला दिसतो तो पंतप्रधान, कट करणारा, बर्फातून गाडी ओढणारा असा, म्हणजे पुरुषाच्या ठरीव भूमिकांत. मूल सांभाळताना तो जवळजवळ दिसतच नाही. स्त्रीवादी वाचकांनी याकडे बोट दाखवले तेव्हा १९७६ च्या निबंधात त्यांनी आपला निर्णय ठामपणे योग्य ठरवला. पण मजा अशी की त्याआधीच, १९७५ मध्ये, आपल्या 'विंटर्स किंग' या गेथेनवरच्या जुन्या कथेचे पुनर्मुद्रण करताना त्यांनी राजा, सरदार ही बिरुदे तशीच ठेवून सर्वनामे तेवढी स्त्रीलिंगी करून टाकली होती. निबंधातली लेखिका ताठ उभी होती. कथेतली लेखिका मात्र आधीच पुढे गेली होती. नंतरच्या टिपणांत त्यांनी सर्वनामाचा मुद्दा तर मान्य केलाच, पण केमरमधली जोडी नेहमी स्त्री-पुरुष अशीच असते, हे आपण विनाकारण गृहीत धरले, असेही नोंदवले. १९९५ मधील 'कमिंग ऑफ एज इन करहाइड' ही कथा त्याच ग्रहावरची. ती सगळी गेथेनच्याच माणसाच्या तोंडून येते, तिथे राजकारण नाही, घर आहे, पौगंड आहे, केमरघर आहे. मूळ कादंबरीत जे दिसले नव्हते तेच नेमके इथे दाखवले आहे.

१९७१ सालच्या 'द लेद ऑफ हेवन'मध्ये जॉर्ज ऑरची स्वप्ने वास्तव बदलून टाकतात आणि त्याचा मानसोपचारतज्ज्ञ त्या शक्तीने जगाचे भले करायला निघतो. वंशद्वेष नाहीसा व्हावा म्हणून माणसांचा रंगच करडा होतो, आणि ज्या स्त्रीचे व्यक्तित्व तिच्या वर्णाशी बांधलेले आहे ती त्या जगातून नाहीशीच होते. ताओ विचार त्यांच्या कोणत्याही पुस्तकात इतक्या मिश्कीलपणे आलेला नाही. याउलट १९७२ सालची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही लघुकादंबरी व्हिएतनाम युद्धाच्या संतापातून आली आणि तो संताप तिला बाधला. त्यातील कॅप्टन डेव्हिडसन निव्वळ दुष्ट आहे, त्याला दुसरी बाजूच नाही. आपण इथे प्रवचनाच्या मोहात पडलो, हे ल ग्विन यांनी पुढे तिच्या प्रस्तावनेत सांगून टाकले. तरी तिला ह्यूगो मिळाला, यावरून पुरस्कारांचे काय ते समजावे.

'द डिस्पझेस्ड' (१९७४) ही त्यांची सर्वांत विचारप्रधान कादंबरी. अनारेस या ओसाड उपग्रहावर अराज्यवाद्यांचा समाज आहे. तिथे सरकार, मालमत्ता आणि तुरुंग नाहीत. दुष्काळ मात्र आहे. शेजारचा उरास समृद्ध आहे, विषमही आहे. शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ अनारेसवरून उरासला जातो. एक प्रकरण इथले, एक तिथले, अशी वीण आहे, आणि शेवटी कळते की पहिल्या कादंबरीपासून ज्या अ‍ॅन्सिबलवर सारे विसंबून होते त्याचा सिद्धांत या माणसाचा. या कादंबरीत ल ग्विन यांनी स्वतःला प्रिय असलेल्या समाजाला सूट दिलेली नाही. अनारेसवर पोलीस नाहीत, पण शेजाऱ्यांच्या मताची जरब आहे; मंत्रालय नाही, पण संशोधन अडवून ठेवणारा सहकारी आहे. तिच्या नावापुढे जोडले जाणारे 'एक संदिग्ध आदर्शलोक' या अर्थाचे उपशीर्षक म्हणूनच चपखल आहे. या कादंबरीलाही ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले.

संस्थांशी त्यांचे वागणेही असेच होते. अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने पोलिश लेखक स्टानिस्लाव लेम यांना दिलेले मानद सदस्यत्व १९७६ मध्ये काढून घेतले, तेव्हा निषेध म्हणून ल ग्विन यांनी आपल्या 'द डायरी ऑफ द रोझ' या कथेला मिळू घातलेला नेब्युला नाकारला. तो मग दुसऱ्या क्रमांकावरील आयझॅक असिमॉव्ह यांच्या कथेला गेला.

सर्वांत मोठी फेरतपासणी मात्र अर्थसीची. 'द टूम्ब्स ऑफ ॲटुआन' (१९७१) आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) यांनी ती त्रयी पूर्ण झाली होती, तिसऱ्या भागाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले होते आणि गेडची कथा संपली असे सर्वांनी धरले होते. पण या जगात काही गोष्टी कुणी विचारल्याविना मान्य झाल्या होत्या. रोकच्या शाळेत फक्त मुलगे जात. बायकांची जादू म्हणजे दुबळी आणि बायकांची जादू म्हणजे दुष्ट, अशा म्हणी पहिल्याच पुस्तकात आहेत आणि तिथे त्यांना कुणी हरकत घेत नाही. दुसऱ्या पुस्तकात भूमिगत भुलभुलैयाची बालपुजारीण तेनार हे इतके जिवंत पात्र आहे, तरी बाहेरची वाट तिला गेड आल्यावरच सापडते.

१९९० मध्ये, अठरा वर्षांनी, 'टेहानू' आली. तेनार आता मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळते आणि स्वतःच्याच माणसांनी जाळून टाकलेल्या एका मुलीला वाढवते. गेड परत येतो तो विद्या गमावलेला, लाजलेला, शेळ्यांमागे जाणारा माणूस म्हणून. घटना थोड्या आहेत. भांडी घासणे आहे, रात्री दाराला कडी लावताना वाटणारी भीती आहे आणि सत्ता नसलेल्या माणसांना जग कसे दिसते याचे बारकावे आहेत. जुन्या वाचकांपैकी अनेकांना हा दगा वाटला, आमचा जादूगार आम्हाला परत द्या असा तो राग होता. मला मात्र हे अर्थसीमधले सर्वश्रेष्ठ पुस्तक वाटते, कारण ते आधीच्या तिन्ही पुस्तकांतली एकही घटना खोटी ठरवत नाही. फक्त उभे राहायची जागा बदलते, आणि तेवढ्याने सारे वेगळे दिसू लागते. त्याचा शेवट थोडा घाईचा आहे, हे मान्य करायला हवे. 'अर्थसीचे अखेरचे पुस्तक' अशा अर्थाचे उपशीर्षकही त्याला दिले होते, पण २००१ मध्ये 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि 'दी अदर विंड' ही आणखी दोन आली. रोकच्या शाळेच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता आणि तो नंतर पुसला गेला, हे कथासंग्रहातून कळते. आणि तिसऱ्या पुस्तकातल्या मृतांच्या कोरड्या, उदास प्रदेशाची भिंत अखेरच्या कादंबरीत मोडून पडते. एकोणतीस वर्षांच्या अंतराने एका लेखिकेने स्वतःच घडवलेला परलोक पाडला, असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

दुसऱ्यांनी केलेले बदल मात्र त्यांनी खपवून घेतले नाहीत. २००४ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या अर्थसी मालिकेत गेडला गोरा केले गेले, तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून आपला या निर्मितीशी संबंध नसल्याचे आणि वर्णाचा प्रश्न आपल्यासाठी किती कळीचा होता ते सांगितले. स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन संस्थेचा अर्थसीवरचा २००६ सालचा चित्रपट त्यांनी अधिक सौम्यपणे, पण स्पष्ट शब्दांत आपल्या पुस्तकापासून वेगळा ठेवला.

मधल्या वर्षांतील 'ऑल्वेज कमिंग होम' (१९८५) हे पुस्तक वाचायला अवघड आहे. दूरच्या भविष्यकाळात नापा खोऱ्यात राहणाऱ्या केश लोकांच्या कथा, कविता, पाककृती, नकाशे, शब्दकोश अशी ती कल्पित जमातीची नोंदवही आहे. तिच्याबरोबर केश संगीताची ध्वनिफीतही निघाली होती. इथे कन्येने वडिलांचे काम उलट दिशेने केले आहे, हे जाणवते. सलग वाचल्यास कंटाळा येतो. मध्येच कुठूनही उघडून वाचल्यास नाही. 'लविनिया' (२००८) ही उतारवयातली कादंबरी व्हर्जिलच्या महाकाव्यात एकही ओळ न बोलणाऱ्या राजकन्येला वाणी देते, आणि या वेळी त्यांनी तपासणीसाठी घेतलेले जग दोन हजार वर्षे जुन्या दुसऱ्याच कवीचे होते.

२०१४ मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक स्वीकारताना केलेल्या छोट्या भाषणात त्यांनी ते पदक इतकी वर्षे साहित्याच्या दाराबाहेर ठेवल्या गेलेल्या फँटसी आणि विज्ञानकथेच्या लेखकांबरोबर वाटून घेतले आणि समोर बसलेल्या प्रकाशकांनाच, पुस्तकांना केवळ विक्रीचा माल समजण्याबद्दल सुनावले. भांडवलशाहीतून सुटका नाही असे वाटते खरे, पण राजांच्या दैवी अधिकाराबद्दलही एके काळी असेच वाटत असे, हे त्यांचे वाक्य त्या भाषणातले. २२ जानेवारी २०१८ रोजी पोर्टलंड येथे, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्यांनी त्यांचे काहीच वाचलेले नाही त्यांना 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'पासून सुरुवात करण्याचा सल्ला सहसा दिला जातो. तो मला मान्य नाही. त्या कादंबरीची पहिली काही प्रकरणे परक्या नावांनी आणि दरबारी डावपेचांनी दाटलेली आहेत आणि तिथेच अनेकजण पुस्तक मिटतात. 'द टूम्ब्स ऑफ ॲटुआन' लहान आहे, स्वतंत्रपणे वाचता येते आणि ती संपवून लगेच 'टेहानू' हातात घेतली की एकच स्त्री, दोन वयांत, एकाच लेखिकेने दोन वेगवेगळ्या वयांत कशी पाहिली ते समोरासमोर दिसते. बर्फावरचा प्रवास त्यानंतर करावा.